मानांकन घेताना अभिलेख कक्षाचं दार उघडा: मुंबईतील कार्यालयप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई शहर व उपनगरांतील शासकीय, निमशासकीय कार्यालयांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे प्रमुख

विषय: आयएसओ मानांकनाच्या व्याप्तीत अभिलेख व्यवस्थापन घेण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आयएसओ मानांकन, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकांनुसार मिळणारं प्रमाणपत्र, महाराष्ट्रात गावोगाव पोहोचलं. जिल्हा परिषदेच्या शाळांनी ते घेतलं, अंगणवाड्यांनी घेतलं, ग्रामपंचायतींनी आणि पोलीस ठाण्यांनी घेतलं. मुंबईतही कार्यालयाच्या दर्शनी भागात फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन कपाटं आवरली, भिंती रंगवून घेतल्या, नागरिकांची सनद लावली, अर्जदारांना बसायला बाकं आणली. हे काम खरं आहे आणि त्याचं मोल मला कळतं.

पण ते प्रमाणपत्र पाहून दारातल्या माणसाची जी समजूत होते, ती बहुतेक वेळा बरोबर नसते. त्याला वाटतं, माझा कागद इथे नीट ठेवलेला आहे, मागितला की मिळेल. प्रत्यक्षात त्या प्रमाणपत्रासाठी यातलं काहीच तपासलेलं नसतं. माझी विनंती तेवढ्यापुरतीच आहे. अभिलेख व्यवस्थापनासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार प्रमाणन करून घेता येतं, ते घ्या. आणि घेताना अभिलेख कक्ष व्याप्तीत, म्हणजे तपासणीच्या कक्षेत, आणा, त्याची परीक्षा नागरिकाच्या मागणीवर होऊ द्या.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक उपक्रमाच्या अभिलेख विभागात नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, अभिलेखपाल म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण झालं, त्यामुळे ऑडिटच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले. पुढे जे लिहिते आहे ते या दोन्ही कामांतून आलेलं आहे.

आपल्या भिंतीवर बहुधा आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र असेल. हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक १९८७ मध्ये पहिल्यांदा आलं. पाट्यांवर दिसते ती आवृत्ती २०१५ ची. त्याआधीच्या २००८ च्या आवृत्तीत नोंदींच्या नियंत्रणासाठी ४.२.४ असं स्वतंत्र कलम होतं. नोंद ओळखायची कशी, ठेवायची कुठे, शोधायची कशी, किती काळ सांभाळायची आणि शेवटी तिची विल्हेवाट कशी लावायची, यासाठी लेखी कार्यपद्धती त्यात सक्तीची होती. २०१५ मध्ये ती सक्ती गेली आणि दस्तऐवज व नोंदी दोन्ही ७.५ या एका कलमात आल्या. लहान उद्योगांवरचा कागदी बोजा त्यामुळे हलका झाला, हे मान्य. सार्वजनिक कार्यालयात मात्र ऑडिटर आता आपल्याकडे जे मागतो ते मुख्यतः व्यवस्था चालू असल्याचे पुरावे: प्रशिक्षणाची नोंद, तक्रारींची नोंद, अंतर्गत ऑडिटचा अहवाल, आढावा बैठकीचं इतिवृत्त. तीस वर्षांपूर्वी मंजूर केलेल्या इमारतीचा नकाशा, वारसाची नोंद, सेवापुस्तक, मोजणीचा कागद हे सगळं आपणच ठरवलं तर तपासात येतं, एरवी बाहेर राहतं.

हे कुठे ठरतं, तर प्रमाणपत्रावर खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या व्याप्तीत. तिथे ‘नागरिकांना दाखले व सेवा पुरविणे’ असं असेल तर ऑडिटर अर्ज खिडकीत येतो तिथपासून दाखला हातात पडतो तिथपर्यंतचा प्रवास पाहील. जिन्यामागच्या खोलीत सुतळीने बांधलेले गठ्ठे त्याला दिसणारही नाहीत, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. त्याला जे काम दिलं ते त्याने केलं. व्याप्ती आपण लिहून दिलेली असते.

एका कार्यालयात ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी मी जुने गठ्ठे टेम्पोत भरले जाताना पाहिले. दुसऱ्या इमारतीत एक रिकामी खोली मिळाली होती. सकाळी फरशी पुसलेली, कपाटांवर छापील चिठ्ठ्या, कुंड्या मांडलेल्या. ऑडिट सुरळीत पार पडलं. काही आठवड्यांनी गठ्ठे परत आले तेव्हा त्यांचा क्रम गेला होता. जाताना यादी केली नव्हती, त्यामुळे जेवढे गेले तेवढेच आले का, हे सांगायला कोणी नव्हतं. त्या विभागातल्या दप्तरीने आयुष्यभर जी मांडणी डोक्यात ठेवली होती ती एका रात्रीत निरुपयोगी झाली. मानांकन मिळालं, आणि त्याच्या तयारीतच अभिलेखांचं न भरून येणारं नुकसान झालं. ही घटना अपवाद असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता वेगळ्या मानकाविषयी. अभिलेखांसाठी आयएसओची दोन मुख्य मानकं आहेत आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते. पहिलं १५४८९. ते २००१ मध्ये आलं, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मानकाच्या पायावर. २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात संकल्पना आणि तत्त्वं आहेत. ते मार्गदर्शन करतं, अटी घालत नाही, म्हणून त्यानुसार कोणाला प्रमाणपत्र देता येत नाही. कोणी सल्लागार ‘१५४८९ चं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलू नका. दुसरं ३०३०१. हे २०११ मध्ये आलं, २०१९ मध्ये सुधारलं. यात अभिलेख व्यवस्थापन प्रणालीसाठी अटी आहेत, त्या पाळल्या की नाही हे तपासता येतं, त्यामुळे यावर प्रमाणन होतं. मूळ कलमांना जोडलेल्या परिशिष्टात अभिलेखांच्या प्रत्यक्ष हाताळणीच्या अटी आहेत: कोणत्या कामातून कोणता अभिलेख तयार झाला पाहिजे, तो कधी व्यवस्थेत दाखल व्हावा, कोणाला पाहता यावा, किती काळ राहावा, नष्ट करताना मंजुरी कोणाची. परिशिष्ट म्हणून ते ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे.

२०१९ च्या आवृत्तीची कलमरचना ९००१ सारखीच आहे. संस्थेचा संदर्भ, नेतृत्व, नियोजन, पाठबळ, अंमलबजावणी, मूल्यमापन, सुधारणा, हाच क्रम. ज्या कार्यालयाने ९००१ पचवलं आहे त्याला हे नवं काही शिकायला नको. अंतर्गत ऑडिट, आढावा बैठक, सुधारात्मक कार्यवाही ही यंत्रणा तीच चालते आणि दोन्ही ऑडिट एकत्रही करता येतात.

कोणी म्हणेल, जिनिव्हात लिहिलेलं मानक आपल्या नस्त्यांना, म्हणजे फायलींना, काय लागू पडणार? मला उलट वाटतं. आपल्या जुन्या कारकुनांना हे मानक वाचून दाखवलं असतं तर त्यांना त्यात ओळखीचं बरंच सापडलं असतं. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अँडरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा गठ्ठा पद्धत आजही आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ कागद. त्याच अहमदनगरमध्ये पुढे अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणीच बदलली. लखिना पॅटर्न म्हणून तो देशभर गेला. बारनिशीत आवक नोंद, टिपणी, पताका, आदेश, मग दप्तरदाखल, या साखळीत प्रत्येक कागद कुठून आला आणि कुठे गेला याचा माग राहत होता. ३०३०१ जे मागतं त्याचा अर्धा भाग हाच आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे जबाबदारी कोणाची, धोका कोणता, आणि पद्धत चालते आहे की कागदावर आहे हे ठरावीक काळाने तटस्थपणे तपासणं, तो आपल्याकडे कमी पडला.

सगळ्यात जास्त कमी पडलं ते जतनकाळ ठरवण्यात. अनेक कार्यालयांत वर्गवारी पाठ असते: ‘अ’ कायमचं, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक. ही वर्गवारी बहुधा कार्यालयाच्या सोयीने ठरलेली आहे. कार्यालयाला हा कागद किती दिवस लागेल? हा प्रश्न विचारला जातो. ज्याच्याविषयी तो कागद आहे त्या माणसाला तो किती दिवस लागेल, हे कोणी विचारत नाही.

मी लालबागला राहते, म्हणून गिरणी कामगारांचं उदाहरण देते. संप सुरू झाला जानेवारी १९८२ मध्ये. पुढे गिरण्यांच्या जमिनींवरच्या घरांसाठी पात्रता ठरली तेव्हा अट आली की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर असला पाहिजे, आणि त्याचा पुरावा हवा. म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. मधे तीस वर्षं गेली. लालबाग-परळच्या चाळींत, आणि कोकणात, सातारा-सांगलीत, घाटावरच्या गावांत लोकांनी ट्रंका उपसल्या. तिकीट नंबर, गेटपास, ईएसआयचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, पगाराची चिठ्ठी, जे मिळेल ते. कामगार हयात नव्हता तिथे विधवा आणि मुलं शोधत होती. ज्यांच्या घरात कागद राहिला त्यांचं नाव यादीत सहज लागलं. ज्यांचा राहिला नाही, त्यांनी त्याच खात्यात तितकीच वर्षं घालवली असली तरी ते हेलपाटे घालत राहिले.

हजेरीपट ज्याने ठेवला त्याच्या लेखी तो पगार वाटून झाला की संपलेला कागद. आपल्या वर्गवारीत तो ‘क’ मध्ये पडला असता तर दहा वर्षांनी, म्हणजे सोडतीच्या वीस वर्षं आधी, रीतसर मंजुरीने नष्ट झाला असता आणि कोणाचीही चूक ठरली नसती. १५४८९ च्या २०१६ च्या आवृत्तीत अभिलेखांच्या मूल्यमापनाला मध्यवर्ती जागा दिली आहे ती यासाठी. कोणत्या कामातून कोणता पुरावा तयार व्हायला हवा, कोणाचा हक्क त्यावर अवलंबून आहे, तो गेला तर नुकसान कोणाचं, याचा विचार करून जतनकाळ ठरवायचा आणि ठरवून विसरायचं नाही, परिस्थिती बदलली की पुन्हा तपासायचा. ३०३०१ मध्ये कार्यालयाबाहेरच्या हितसंबंधितांच्या गरजा विचारात घेणं ही अट आहे. गिरणी कामगाराची विधवा त्या अटीत बसते.

२०२५ मध्ये राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला. त्यात संकेतस्थळं, तक्रार निवारण, सोयीसुविधा यांच्याबरोबर कार्यालयीन स्वच्छता हाही विषय होता आणि त्याच्या पोटात अभिलेखांचं वर्गीकरण, निंदणीकरण (म्हणजे नको असलेले कागद छाटून वेगळे काढणं) आणि नष्टीकरण आलं. निंदणीकरण व्हायलाच हवं. ज्या खोलीत सगळंच ठेवलेलं असतं तिथे काहीच सापडत नाही. पण निंदणीकरण स्वच्छतेच्या खात्यात आलं की यशाचं माप बदलतं: किती किलो रद्दी निघाली, किती खोल्या मोकळ्या झाल्या. नष्ट करायच्या यादीवर सही करणाऱ्याने ती यादी वाचली का, त्यातला एखादा कागद न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाशी जोडलेला आहे का, ऐतिहासिक मोल पाहायला पुराभिलेख संचालनालयाला विचारलं का, हे त्या मापात येत नाही. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आपलं पुराभिलेखागार आहे; मुंबईत अभिलेखांचं स्वतंत्र कार्यालय १८२१ पासून आहे. काय राखायचं हे दोनशे वर्षं ठरवत आलेली माणसं काळा घोड्याला बसलेली आहेत. रद्दीचा टेम्पो बोलावण्याआधी त्यांना एक पत्र जाऊ द्या.

कायदाही हेच सांगतो. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. नियम डावलून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ सुरू होतं तेच प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित ठेवावेत या वाक्याने. कलम ४ म्हटलं की आपल्याला सतरा मुद्द्यांची स्वयंप्रकटन माहिती आठवते. तिच्या आधीचं हे उपकलम कोणी फारसं वाचत नाही. ‘सदर नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर देणारा जनमाहिती अधिकारी बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच सापडत नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे की नस्ती सापडत नाही एवढं सांगून माहिती नाकारता येत नाही. कसून शोध घ्यावा लागेल, गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी लागेल. तिथपर्यंत वेळ येऊ न देण्याचं काम अभिलेख कक्षाचं आहे.

अभिलेख चांगला कशाला म्हणायचं, याची चार लक्षणं १५४८९ मध्ये सांगितली आहेत: तो अस्सल असावा, विश्वासार्ह असावा, अखंड असावा आणि वापरता येण्याजोगा असावा. पहिल्या तिघांबद्दल आपल्याकडे जाणीव आहे. सही, शिक्का, पृष्ठांकन, खाडाखोडीवर लघुसही, हे संस्कार जुने आहेत. घोडं अडतं ते चौथ्यावर, आणि स्कॅनिंगने ते आणखी अवघड केलं आहे.

पानामागे दर ठरवून दिलेल्या स्कॅनिंगच्या कामात काय होतं ते मी जवळून पाहिलं. गठ्ठा सुटतो, टाचण्या निघतात, पानं यंत्रातून जातात, आणि प्रतिमांना ओळीने क्रमांक पडतात. कोणतं पान कोणत्या नस्तीचं, टिपणी कुठे संपली आणि पत्रव्यवहार कुठे सुरू झाला, जोडलेला नकाशा कोणत्या अर्जाचा, ही माहिती प्रतिमेला कोणी जोडली नाही तर लाखो पानं संगणकात असूनही शोध लागत नाही. गठ्ठ्यात निदान शेजारचा कागद पाहून अंदाज बांधता येत होता. आणि स्कॅनिंग झालं की मूळ कागद ठेवायचा कशाला, असा विचार ओघाने येतोच. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक जतनाला मान्यता देतं, पण अटींवर: माहिती पुढेही वापरता येईल अशी उपलब्ध राहावी, मूळ स्वरूपाशी ती तंतोतंत जुळते हे दाखवता यावं, कुठून आली, कुठे गेली, कधी, याचा तपशील सोबत असावा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याची सांकेतिक खूण, नोंदवायचं असतं. पानामागे दर लावून झालेल्या किती कामांत हा तपशील मागितला होता? निविदा पुन्हा उघडून पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कंत्राट संपतं, सर्व्हर बदलतो, जुनी प्रणाली बंद होऊन नवी येते. त्या वेळी अभिलेख त्यांच्या संदर्भासकट बाहेर काढता येतील का, हे प्रणाली विकत घेतानाच विचारायला हवं. दीर्घकाळ टिकणाऱ्या पीडीएफ-ए या स्वरूपासाठी २००५ पासून मानक आहे. स्थलांतर कसं करावं यासाठीही मानक आहे. यातलं काहीही दुर्मीळ किंवा महाग नाही.

मुंबईत तर कागद वाचवण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे इथली हवा आणि पाणी. खारट दमट वारा, जून ते सप्टेंबर बुरशी, बारा महिने वाळवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजले पाण्याखाली गेले. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य नस्त्या जळाल्या. त्यानंतर त्या नस्त्या पुन्हा उभ्या करताना दुय्यम प्रती कुठे आहेत याची शोधाशोध करावी लागली. कोणते अभिलेख गेले तर कार्यालय उभंच राहू शकणार नाही, त्यांची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती प्रत त्याच इमारतीच्या दुसऱ्या खोलीत तर नाही ना, हे धोक्यांचं नियोजन करताना मांडावं लागतं. ३०३०१ चा ऑडिटर हे विचारेल. ९००१ चा ऑडिटर विचारेलच असं नाही.

प्रमाणनाच्या बाजाराबद्दलही लिहायला हवं, कारण तिथे भल्या अधिकाऱ्यांची फसगत होते. आयएसओ मानकं लिहिते, ती कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या प्रमाणन संस्था. त्यांनी कसं काम करावं यासाठी १७०२१-१ हे मानक आहे, आणि त्या तसं करतात का हे अधिस्वीकृती देणारं मंडळ पाहतं. भारतात ते एनएबीसीबी, भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ. अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेकडून आठवड्याभरात प्रमाणपत्र मिळतं, दिसायला तसंच दिसतं, पण त्यामागे कोणाची देखरेख नसते. ज्या सल्लागाराने आपली कागदपत्रं तयार केली त्याच्याशी बांधलेल्या संस्थेनेच तपासणी करणं हेही नियमात बसत नाही. खरं प्रमाणन दोन टप्प्यांत होतं: आधी तयारी पाहतात, मग अंमलबजावणी. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, आणि दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे देखरेखीची तपासणी. मुदत उलटून गेलेली प्रमाणपत्रं मी भिंतींवर पाहिली आहेत.

संस्था निवडताना तिची अधिस्वीकृती नेमकी कोणत्या मानकासाठी आहे ते लेखी मागा. एखादी संस्था ९००१ साठी उत्तम असेल, पण ३०३०१ साठी तिच्याकडे अभिलेखांची जाण असलेला माणूस असेलच असं नाही. आणि ऑडिटर मराठी वाचणारा हवा. टिपणी मराठीत, आदेश मराठीत, नोंदवही मराठीत, आणि ऑडिटर दुभाष्याच्या भरवशावर, अशा तपासणीत नोंदवहीच्या ओळी भरलेल्या आहेत एवढंच दिसतं. काय भरलं आहे ते दिसत नाही.

मग परीक्षा कशी व्हावी? माझी एक ठोस सूचना आहे आणि या पत्रातली तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑडिटर नमुना निवडतो तेव्हा बहुधा तो आपण पुढे ठेवलेल्या कपाटातून निवडतो. त्याऐवजी नमुना बाहेरून येऊ द्या. गेल्या वर्षातले माहिती अधिकाराचे अर्ज काढा, ज्यांना ‘आढळून येत नाही’ असं उत्तर गेलं ते वेगळे करा, आणि तोच गठ्ठा ऑडिटरच्या हातात द्या. त्याच्यासोबत गृहनिर्माण संस्थांनी मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) किंवा भोगवटा प्रमाणपत्रासाठी मागितलेल्या जुन्या मंजुरीच्या प्रतींचे अर्ज द्या, निवृत्त कर्मचाऱ्यांचे सेवापुस्तकाचे अर्ज द्या. त्यातला प्रत्येक कागद कुठे हरवला, हे मागे मागे जात शोधायला सांगा. कधी दिसेल की तो बारनिशीत आलाच नव्हता. कधी दिसेल की बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या कपाटात राहिला. कधी अभिलेख कक्षात गेला पण यादीत चढला नाही. यातून जी त्रुटी निघेल, जिला ऑडिटवाले एनसी म्हणतात, ती लपवू नका. एनसी निघाली म्हणजे मानांकन गेलं, ही भीती निराधार आहे. ठरलेल्या मुदतीत कारण शोधून दुरुस्ती केली की ती बंद होते. ही पूर्ण नोंद, व्याप्तीसकट, आपल्या संकेतस्थळावर कलम ४ च्या माहितीत ठेवा. नागरिक आपल्यावर रागावणार नाही. त्याला पहिल्यांदा कळेल की त्याचा कागद शोधण्याची पद्धत काय आहे आणि ती कुठे तुटली होती.

याला माणूस लागतो. अभिलेखपालाचं पद रिकामं असेल तर ते भरा. आणि ज्याला इतरत्र कुठे ठेवायचं सुचत नाही त्याला रेकॉर्डला पाठवण्याची रीत थांबवा. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या दप्तरीबाबांचं शिक्षण फार नव्हतं. त्यांना गठ्ठ्याच्या रुमालाच्या रंगावरून साल सांगता यायचं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतलं नाही. ३०३०१ मध्ये माणसांच्या सक्षमतेच्या अटी आहेत, त्या वाचताना मला नेहमी त्यांची आठवण येते.

खर्चाची अडचण मला माहीत आहे, आणि हे सगळं एका वर्षात होणार नाही हेही. म्हणून पहिलं पाऊल लहान सुचवते. ज्यांच्याकडे ९००१ आहे त्यांनी येत्या सर्व्हेलन्स ऑडिटआधी प्रमाणन संस्थेला पत्र देऊन व्याप्तीत ‘अभिलेखांचे जतन, शोध व विल्हेवाट’ ही वाढ मागावी आणि ऑडिटच्या कार्यक्रमात अभिलेख कक्षासाठी पूर्ण दिवस लिहून घ्यावा. तीन वर्षांची मुदत संपून पुनर्प्रमाणन येईल तेव्हा ३०३०१ साठी अर्ज करावा. तोवर एकही गठ्ठा यादीशिवाय हलवू नये, आणि स्कॅन झालं या कारणाने एकही मूळ कागद नष्ट करू नये, असा लेखी आदेश आपल्या सहीने आजच काढता येईल. त्याला निधी लागत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त अभिलेखपाल
लालबाग, मुंबई